हातात काय आहे ते आधी बघा : स्पॅनिश वसाहतींतली संतचित्रं कशी वाचावीत

मेक्सिको, पेरू किंवा बोलिव्हियातलं सतराव्या-अठराव्या शतकातलं एखादं संतचित्र समोर आलं की नजर आधी चेहऱ्यावर जाते. गोरा, लंबगोल, डोळे वर लावलेला, किंचित रडवेला चेहरा. शेजारच्या चित्रापुढे जावं तर तिथेही तोच. मग ‘सगळी सारखीच दिसतात’ असं म्हणून माणूस पुढच्या दालनात जातो, तिथे काहीतरी इंका सोनंबिनं असतं आणि संत मागे राहतात.

आपण देवळात आयुधं आणि वाहन बघून देव ओळखतो, पायाशी उंदीर आहे की मोर ते बघतो. इथेही तेच करायचं आहे. संतांची ओळख कपड्यांत, हातातल्या वस्तूत आणि पायाशी बसलेल्या जनावरात असते. पण ओळख पटणं हे अर्धंच काम. हा चित्रकार कुठल्या छापील चित्रावरून काम करत होता आणि त्यानं त्यात काय बदललं, हे शोधण्यात खरी मजा आहे. हे चित्रकार बहुतेक वेळा सही करत नसत, त्यामुळे त्यांची गाठ पडते ती या बदलांतच. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत. घरबसल्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरही हे सगळं करता येतं, फक्त चित्र मोठं करून बघण्याची सोय हवी.

पायरी १ : चित्र कशावर काढलंय?

पाटीवरचं संताचं नाव झाकून ठेवा आणि खालची बारीक ओळ वाचा. तिथे माध्यम लिहिलेलं असतं.

कॅनव्हस असेल तर फारसं काही कळत नाही, कारण लिमापासून मेक्सिको सिटीपर्यंत मोठी चित्रं कॅनव्हसवरच होत. तांब्याचा पत्रा असेल तर चित्र बहुधा लहान, घरातल्या किंवा मठातल्या खासगी प्रार्थनेसाठी केलेलं. गुळगुळीत तांब्यावर पापणीचा केससुद्धा काढता येतो. टिनचा मुलामा दिलेला पातळ पत्रा मात्र संशयानं बघायचा. तसा पत्रा मेक्सिकोत एकोणिसाव्या शतकात स्वस्त झाला आणि मेक्सिको १८२१मध्ये स्वतंत्र झाला. तेव्हा टिनच्या पत्र्यावरच्या संताला कोणी ‘स्पॅनिश काळातला’ म्हणत असेल तर ते बहुतेक वेळा चूक असतं. चित्र वाईट असतं असं नाही. मला ती भाबडी घरगुती चित्रं आवडतात.

रंगाखालून शिंपल्याची चमक दिसत असेल तर थांबा. ‘एनकोंचादो’ नावाचा हा प्रकार मेक्सिकोत सतराव्या शतकाच्या अखेरीस बहरला, आणि त्यात गोन्सालेस घराण्यातल्या मिगेल आणि हुआन यांची नावं पुढे येतात. फळीवर शिंपल्याचे तुकडे बसवून त्यावर पातळ रंग चढवलेला असतो. ही कल्पना आली जपानी लाखकामातून, आणि ते लाखकाम अमेरिकेत आलं फिलिपिन्समधल्या मनिलाहून मेक्सिकोतल्या आकापुल्कोला जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं ती गलबतं चालली. हा सागरी रस्ता लक्षात ठेवा. पुढे आपल्याकडचीच एक मुलगी त्याच रस्त्यानं येणार आहे.

लाकडी फळी, मागच्या बाजूला वाकसानं तासल्याच्या खुणा, पुढे जिप्सम आणि सरस यांचं पांढरं अस्तर, त्यावर पाण्यात कालवलेले सपाट रंग, ठळक काळ्या रेषा आणि वरून पाइनच्या राळेचा हात : हे उत्तरेकडचं, आज अमेरिकेत असलेलं न्यू मेक्सिको. तिथे अशा फळीला रेताब्लो आणि ती रंगवणाऱ्याला सान्तेरो म्हणतात. पेद्रो आन्तोनिओ फ्रेस्कीस (१७४९–१८३१) आणि होसे राफाएल आरागोन ही त्यातली मोठी नावं. ही परंपरा आजही चालू आहे. सांता फे शहरात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या स्पॅनिश मार्केटमध्ये आजचे सान्तेरो आपलं काम मांडतात.

पायरी २ : कपड्यावरून संघ ठरवा

बरेचसे संत कुठल्या ना कुठल्या धर्मसंघाचे असतात आणि प्रत्येक संघाचा पोशाख ठरलेला असतो. दोरीनं बांधलेला झगा आणि दोरीला तीन गाठी म्हणजे फ्रान्सिस्कन. युरोपातल्या चित्रांत हा झगा तपकिरी किंवा राखाडी दिसतो, पण मेक्सिको आणि न्यू मेक्सिकोतल्या चित्रांत पुष्कळदा निळा असतो, कारण तिथले फ्रान्सिस्कन तसे झगे घालत. निळ्या झग्यातला संत फ्रान्सिस दिसला तर चित्र उत्तरेकडचं असण्याची शक्यता मनात धरा. पांढरा झगा आणि वर काळा अंगरखा म्हणजे डोमिनिकन. पूर्ण पांढरा झगा आणि छातीवर छोटी ढाल, तिच्यात क्रूस आणि खाली आरागोन राज्याचे लाल-पिवळे पट्टे, म्हणजे मर्सिदारियन. हे लोक कैद्यांना खंडणी भरून सोडवत. काळा झगा आणि चामडी पट्टा ऑगस्टिनियनांचा, तपकिरी झगा आणि पांढरी शाल कार्मेलाइटांची, आणि साधा काळा झगा जेझुइटांचा.

हे पाठ करत बसू नका. चार-पाच चित्रं बघितलीत की आपोआप बसतं. संघ कळला की शक्यता शंभरावरून पाच-सहावर येतात.

पायरी ३ : हात, मग पाय

आता हात बघा. हातात झावळी असेल तर संत रक्तसाक्षी आहे, म्हणजे श्रद्धेपायी मारला गेलेला. वसईकडच्या वाचकांना झावळ्यांच्या रविवारामुळे हे झाड परकं नाही. हातात झावळी आणि शेजारी तीन खिडक्यांचा बुरूज असेल तर ती संत बार्बरा, मोडलेलं चाक असेल तर संत कॅथरीन, ताटलीत दोन डोळे असतील तर संत लुसी. लिलीचं फूल आणि पुस्तकावर बसलेलं बाळ असेल, अंगात फ्रान्सिस्कन झगा असेल, तर तो पादुआचा संत अंतोनी. संत योसेफाच्या काठीला फुलं आलेली असतात. १५५५मध्ये मेक्सिकोतल्या धर्मपरिषदेनं योसेफाला तिथल्या चर्चचा रक्षक ठरवलं, म्हणून तिकडे त्याची चित्रं उदंड.

अमेरिकेत खास लाडके झालेले संत जरा जवळून बघण्यासारखे आहेत. मर्सिदारियन रामोन नोनातोच्या ओठांना चक्क कुलूप लावलेलं असतं. गुलामांमध्ये धर्मोपदेश थांबवेना म्हणून त्याचे ओठ तापल्या सळईनं भोसकून कुलूप घातलं, अशी आख्यायिका. काळा झगा, वर पांढरं झिरझिरीत वस्त्र आणि ओठांवर बोट असलेला तरुण दिसला तर तो प्रागचा जॉन नेपोमुक. राणीनं पापांच्या कबुलीत सांगितलेलं गुपित फोडलं नाही म्हणून १३९३मध्ये त्याला नदीत बुडवलं, असं त्याच्याबद्दल सांगत. कधीकधी त्याची जीभच वेगळी काढून दाखवलेली असते. तो मध्य युरोपातून मेक्सिकोत पोचला तो मुख्यतः जेझुइटांच्या पाठिंब्यानं.

संत इसिद्रो शेतकरी आहे. तो प्रार्थनेत गुंतला की त्याचा नांगर देवदूत धरतो, म्हणून मागे बैलजोडी आणि देवदूत असतात. चित्रकार इसिद्रोला आपल्या गावातल्या शेतकऱ्याचे कपडे घालतात आणि न्यू मेक्सिकोत तर काठाची टोपीही चढवतात, त्यामुळे वसाहतीतला साधा माणूस कसा दिसत होता हे बघायला तो उपयोगी पडतो. त्याचा सण १५ मेला, पेरणीच्या हंगामात.

लिमाची संत रोझा ही अमेरिकेत जन्मलेली पहिली अधिकृत संत. डोमिनिकन पोशाख, डोक्यावर गुलाबांचा मुकुट, कडेवर बाळ येशू आणि पुष्कळदा हातात नांगर, म्हणजे जहाजाचा नांगर. त्या नांगरावर छोटंसं शहर तोललेलं दिसेल. ते लिमा.

पायाशी बघायला विसरू नका. सिंह असेल आणि लाल कपडे असतील तर संत जेरोम. तोंडात पेटती मशाल घेतलेला कुत्रा असेल तर संत डोमिनिक. पांढऱ्या घोड्यावर तलवार उपसलेला संत यागो, स्पॅनिशमध्ये सान्तियागो, दिसला तर घोड्याच्या टापांखाली कोण आहे ते बघा. स्पेनमधल्या चित्रांत तिथे मुसलमान सैनिक असतात. पेरूतल्या कुस्को शहरात त्यांच्या जागी इंका, म्हणजे स्पॅनिशांआधी तिथे राज्य करणाऱ्या लोकांचे, योद्धे येतात, कारण १५३६मध्ये इंकांनी कुस्कोला वेढा घातला तेव्हा संत यागो स्वतः उतरून स्पॅनिशांच्या बाजूनं लढला अशी कथा रुजली. पुढे अँडीज डोंगररांगांमधल्या लोकांनी त्याच यागोची सांगड आपल्या विजेच्या देवाशी, इयापाशी, घातली आणि ज्यानं त्यांना तुडवलं त्याचीच पूजा सुरू झाली. टापांखालची माणसं नीट बघितल्याशिवाय या चित्रापुढून हलू नये.

पायरी ४ : प्रभावळ आणि सनावळी

डोक्यामागची प्रभावळ नुसती सजावट नव्हती. पोप आठव्या अर्बननं १६२५ साली हुकूम काढला की रोमनं मान्यता दिल्याशिवाय कोणालाही संतासारखी प्रभावळ दाखवायची नाही. ‘संत’ व्हायच्या आधी ‘धन्य’ हा दर्जा असतो. धन्य व्यक्तीला नुसते किरण आणि संताला पूर्ण वर्तुळ, असा रिवाज पडला. चित्रकार तो नेहमीच पाळत असे नाही, पण धागा म्हणून उपयोगी आहे.

आता सनावळी जोडा. इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेसा आणि शेतकरी इसिद्रो हे सगळे १२ मार्च १६२२ रोजी एकाच दिवशी संत झाले. लिमाची रोझा १६६८मध्ये धन्य आणि १६७१मध्ये संत. लिमाचा आर्चबिशप तोरिबिओ १६७९मध्ये धन्य आणि १७२६मध्ये संत. जॉन नेपोमुक १७२९मध्ये संत. मार्तीन दे पोर्रेस हा लिमाचा मिश्रवंशीय डोमिनिकन आज इतका लोकप्रिय आहे की त्याची ‘जुनी’ चित्रं बाजारात सहज मिळतात, पण तो धन्य झाला १८३७मध्ये आणि संत १९६२मध्ये. पूर्ण प्रभावळीचा मार्तीन दिसला आणि खाली ‘अठरावं शतक’ लिहिलेलं असेल तर भुवया उंचावायला हरकत नाही.

सनावळी एकाच दिशेनं वापरायची, हे पथ्य पाळा. संतपदाची तारीख ‘याच्या आधी नसावं’ असं सांगते. बंदीची तारीख ‘याच्या नंतर नसावं’ असं सांगत नाही. त्रिमूर्तीसारखे तीन एकसारखे पुरुष शेजारीशेजारी बसवून पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, दाखवण्याची पद्धत रोमनं १७४५मध्ये नापसंत ठरवली. अँडीज आणि मेक्सिकोत ती चित्रं नंतरही खुशाल निघत राहिली. हुकूम रोमचा आणि गिऱ्हाईक गावातलं, त्यामुळे कोणाचं चालणार ते ठरलेलंच होतं.

नियम कधीकधी खरोखर कडकपणे लागू झाले, त्याचं उदाहरण भारताशी जोडलेलं आहे. कातारिना दे सान हुआन ही हिंदुस्थानातून पळवून आणलेली मुलगी मनिलाला विकली गेली आणि तिथून मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात पोचली. आपण मोगल राजघराण्यातल्या, असं ती सांगे. पुढे तिच्या दृष्टांतांची ख्याती झाली, आणि १६८८मध्ये ती वारली तेव्हा शहर लोटलं. तिची छापील चित्रं घरोघरी गेली. मान्यता नसलेल्या बाईची पूजा होतेय म्हटल्यावर १६९१मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्या चित्रांवर बंदी घातली. संतचित्रांच्या इतिहासात न झालेल्या संतांचाही एक कप्पा आहे आणि त्यात ही आपल्याकडची बाई बसते.

पायरी ५ : मूळ छापचित्र शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

कुस्कोतला चित्रकार रोमला गेलेला नव्हता. त्याच्याकडे होते कागद : तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली काळी-पांढरी चित्रं, बहुतेक आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्प शहरातली. प्लांटिनचा छापखाना, वीरिक्स बंधू, सादलर घराणं, रुबेन्सच्या चित्रांवरून काढलेली छापचित्रं, असा तो माल जहाजांतून यायचा. गिऱ्हाईक करारात सांगायचं की अमुक छापचित्राप्रमाणे करून द्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३मध्ये चित्रांबाबत शिस्त घालून दिली होती, त्यामुळे मान्य छापचित्राची नक्कल करणं चित्रकार आणि पाद्री दोघांच्याही सोयीचं होतं. नक्कल म्हटली की आपल्याला कमीपणा वाटतो. तो इथे सोडून द्यावा लागतो.

गंमत म्हणजे हाच कागद आपल्याकडेही पोचला होता. गोव्याहून गेलेल्या जेझुइटांनी १५८०मध्ये अकबराला फतेहपूर सिक्रीत जी बहुभाषी बायबलची प्रत दिली ती प्लांटिनच्याच छापखान्यातली, छापचित्रांसकट. अकबराच्या चित्रशाळेतल्या केसू दासनं युरोपीय छापचित्रावरून संत जेरोम रंगवला. अँटवर्पमधून निघालेले कागद एकीकडे फतेहपूरला आणि दुसरीकडे कुस्कोला जात होते, आणि दोन्हीकडचे चित्रकार काळ्या-पांढऱ्या रेघांत आपले रंग भरत होते.

शोधायचं कसं? या कामासाठी ‘पेस्का’ नावाचा प्रकल्प आहे. वसाहतीतली चित्रं आणि त्यांची मूळ छापचित्रं तिथे जोडीनं लावलेली आहेत आणि संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. संताचं नाव स्पॅनिशमध्ये घालून शोधा. जोडी सापडली की दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारीशेजारी ठेवा आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.

आधी उजवं-डावं बघा. छापचित्र पत्र्यावर कोरून कागदावर उलटं उमटतं, आणि एका छापचित्रावरून दुसरा कोरक्या नवीन पत्रा करतो तेव्हा ते पुन्हा उलटतं. आपल्या चित्रात संताची तलवार डाव्या हातात आली असेल तर चित्रकारापुढे अशी उलटी प्रत असण्याची शक्यता आहे. मग रंग बघा, कारण ते सर्वस्वी चित्रकाराचे. छापचित्रात रंग नव्हतेच. लाल कुठे पडला? अमेरिकेत लाल म्हणजे बहुधा कोचिनील, फड्या निवडुंगावर पोसलेल्या किड्यांचा रंग, आणि तो मेक्सिकोहून चांदीच्या खालोखाल निर्यात होई. निळ्यासाठी नीळ होती. पण फोटोवरून रंगद्रव्य सांगायचा मोह आवरा. ते प्रयोगशाळेचं काम.

शेवटी, काय वाढवलं आणि काय गाळलं? हा प्रश्न सोडू नका. दिएगो किस्पे तितो (१६११–१६८१) हा कुस्कोजवळच्या सान सेबास्तियान गावचा इंका वंशाचा चित्रकार. १६८१मध्ये त्यानं कुस्कोच्या कॅथेड्रलसाठी राशींची चित्रमालिका केली. मूळ छापचित्रं हान्स बोलच्या कल्पनेवरून आद्रियान कोलार्तनं कोरलेली, १५८५ सालची. प्रत्येक राशीला बायबलमधला एक प्रसंग जोडलेला. तारे-ग्रह पुजणाऱ्या लोकांची नजर ख्रिस्ताकडे वळवायची, असा हेतू. मांडणी किस्पे तितोनं मूळ छापचित्रांवरूनच घेतली. पण मागचा डोंगर, झाडी आणि आकाश बघा. तिथे तो मोकळा सुटतो. त्याच्या चित्रांत रंगीत पक्षी येतात, जे मूळ छापचित्रांत शोधून सापडत नाहीत. पुढे कुस्कोच्या चित्रकारांनी हे पक्षी इतके उचलले की ते तिथल्या चित्रांची खूणच झाले. संतांच्या डोक्यावरच्या फांदीत बघत जा.

वाढवण्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण त्याच कॅथेड्रलमध्ये आहे : मार्कोस सापाताचं अठराव्या शतकातलं शेवटचं भोजन. टेबलाच्या मधोमध ताटात कोकरू नाही, चारी पाय वर केलेला गिनीपिग आहे. अँडीजमध्ये सणासुदीला तोच खातात. येशू आणि बारा शिष्य त्या ताटाभोवती बसलेले आहेत आणि चित्र चर्चमध्येच लटकतंय, कोणी काढून टाकलेलं नाही.

बोलिव्हियात ला पाझ आणि कालामार्काकडची बंदूकधारी देवदूतांची चित्रं या पायरीवर सगळ्यात छान कळतात. लेस, फिती, पिसांची टोपी, खांद्यावर लांब बंदूक. बंदूक भरण्याच्या, रोखण्याच्या त्यांच्या ढबी डच सैन्याच्या कवायतीच्या १६०७च्या छापील पुस्तकाशी जुळतात असं अभ्यासक दाखवतात. कवायतीचं पुस्तक आणि देवदूत असं जोडण्याचा विचार युरोपात कोणाला सुचला नव्हता.

पायरी ६ : सोनं तिरकं बघा

चित्र प्रत्यक्ष समोर असेल तर आता थोडं बाजूला सरका. कुस्कोच्या अठराव्या शतकातल्या चित्रांत संतांच्या कपड्यांवर सोन्याच्या वर्खाची नक्षी असते. तिरक्या उजेडात ती एकदम पुढे येते. चित्राच्या फोटोत मात्र सोनं बहुतेक वेळा मेलेल्या पिवळ्या रंगासारखं दिसतं, तेव्हा फोटोवरून निकाल देऊ नका.

आता झग्याच्या एका चुणीवर नजर ठेवा. रंग चुणीबरोबर आत जातो आणि गडद होतो. सोन्याचं फूल मात्र आत जात नाही. ते सपाट राहतं, चुणीवरून सरळ पलीकडे जातं. पुढचं फूल तेवढ्याच अंतरावर आणि तेवढंच मोठं, कारण ही नक्षी बहुतेक वेळा स्टेन्सिलनं उमटवलेली असते. युरोपीय चित्रकलेच्या शाळेत ही चूक ठरली असती. अँडीजच्या चित्रकाराला खोलीचा भास नको होता. ज्याच्या अंगावर सोनं आहे तो पवित्र आहे, हे मेणबत्तीच्या उजेडात लांबून दिसणं त्याला महत्त्वाचं होतं.

१६८८च्या सुमारास कुस्कोत स्पॅनिश आणि इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, चित्रकारांची फारकत झाली. चित्रकारांच्या व्यवसायसंघात आपल्याला वाईट वागवतात म्हणून इंडियन चित्रकार वेगळे झाले, आणि त्यानंतर सोनं, सपाटपणा, फुलं-पक्षी हे सगळं जोरात वाढलं. त्याआधीचा काळ वेगळा. १६५०च्या भूकंपात शहर पडलं होतं, आणि १६७३पासून बिशप मोयिनेदोनं चर्चं पुन्हा सजवायला मोठमोठी कामं दिली. त्या काळातल्या बासिलिओ सान्ता क्रूसची चित्रं बरीच युरोपीय वळणाची आहेत.

मेक्सिकोचा मिगेल काब्रेरा (मृत्यू १७६८) शेजारी ठेवून बघा म्हणजे फरक डोळ्यांत भरेल. गुळगुळीत गाल, फिकट गुलाबी आणि निळा, सावल्या मऊ. मला काब्रेरा थोडा गोडमिट्ट वाटतो, पण त्याचा हात बघून मान डोलवावीच लागते.

पायरी ७ : अक्षरं, पडदे, मेणबत्त्या

खालच्या कोपऱ्यात चौकटीत अक्षरं असतील तर ती वाचा. अमक्याच्या भक्तीमुळे, अमक्या साली, असं दात्याचं नाव बहुधा तिथे असतं. दाता स्वतःही हात जोडून कोपऱ्यात उभा असतो, संताच्या गुडघ्याएवढा.

संत त्रिकोणी कडक झग्यात आहे, दोन्ही बाजूंना पडदे आहेत, पुढे फुलदाण्या आणि मेणबत्त्या आहेत, असं दिसलं तर ते संताचं चित्र नव्हे. ते एखाद्या देवळातल्या गाजलेल्या मूर्तीचं चित्र आहे. मूर्तीपर्यंत जाता येत नाही त्यांनी घरी ठेवायचं. पडदा, मेणबत्ती आणि मूर्तीच्या पायाखालचा चौथरा या तीन गोष्टी दिसल्या की शंका घ्यायची नाही.

सराव : वसईचा गोन्सालो शोधा

आता स्वतः करून बघा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला २६ ख्रिस्ती माणसांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आलं. त्यातले सहा फ्रान्सिस्कन मनिलाच्या स्पॅनिश मिशनचे होते. एक मेक्सिको सिटीत जन्मलेला फेलिपे दे हेसूस, आणि एक आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. जपानी भाषा येत असल्यानं गोन्सालो दुभाषाचं काम करायचा. २६ जण १६२७मध्ये धन्य झाले आणि १८६२मध्ये संत. वसईत आज गोन्सालोच्या नावाचं चर्च आहे.

मेक्सिकोनं फेलिपेला डोक्यावर घेतलं, त्यामुळे त्याची एकट्याची चित्रं पुष्कळ. दोन भाले शरीरातून आरपार जाऊन छातीवर फुली करतात, आणि पायाशी निवडुंगावरचा गरुड असेल तर शंकाच नाही. गोन्सालो स्पॅनिश अमेरिकेत बहुतेक समूहात भेटतो. मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहराच्या कॅथेड्रलमध्ये चुन्याच्या थराखालून विसाव्या शतकात मोठी भित्तिचित्रं निघाली. होड्यांतून नेले जाणारे कैदी, मग क्रूसांची रांग, आणि वर तायकोसामाचं, म्हणजे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याचं, नाव असलेली अक्षरं. कुस्कोच्या रेकोलेता मठासाठी लासारो पार्दो दे लागो यानं १६३०मध्ये जपानच्या फ्रान्सिस्कन रक्तसाक्षींची चित्रं केली. धन्य होऊन तीनच वर्षं झालेली होती, हे पायरी ४ वापरून तुम्हीच ताडलं असतं. अशा समूहात दोरीच्या गाठी मोजून आधी सहा फ्रान्सिस्कन वेगळे काढा, मग नावाच्या पट्ट्या वाचा. पट्टी नसेल तर गोन्सालोवर बोट ठेवता येत नाही, कारण त्याची अशी वेगळी खूण चित्रकारांनी ठरवलीच नाही.

फ्रान्सिस झेवियर त्या मानानं सोपा. गोंयच्या सायबाला मेक्सिको आणि पेरूत जेझुइट चर्चमध्ये हमखास जागा असे. तो दोन्ही हातांनी छातीवरचा झगा उघडतो आणि आतून ज्वाळा निघतात, किंवा चीनच्या किनाऱ्यावर झोपडीत एकटा मरतो, किंवा बाप्तिस्मा देतो. बाप्तिस्म्याचं चित्र मिळालं तर पाणी घेणाऱ्यांची डोकी बघा. कित्येकदा त्यांवर पिसांचे मुकुट असतात. प्रसंग हिंदुस्थानातला आणि माणसं अमेरिकन, कारण युरोपीय कोरक्याच्या डोक्यात दोन्हीकडचे ‘इंडियन’ एकच होते. १७६७मध्ये स्पेनच्या राजानं जेझुइटांना हाकललं, त्यानंतर अशा चित्रांचं मुख्य गिऱ्हाईकच गेलं.

विकत घ्यायचं असेल तर

अमेरिकेत राहणाऱ्या कोणाला लिलावात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात असं चित्र दिसलं तर पहिला प्रश्न किमतीचा नको, ते आलं कुठून याचा विचारा. अँडीजमधल्या गावांतल्या चर्चमधून चित्रं चौकटीतून कापून चोरीला गेली आहेत. अशा कॅनव्हसच्या कडा सरळ कापलेल्या असतात, खिळ्यांची जुनी भोकं नसतात. वसाहतकालीन धार्मिक वस्तूंच्या आयातीबाबत अमेरिकेचा पेरूशी १९९७पासून करार आहे, बोलिव्हियाशी २००१पासून. चित्र केव्हा देशाबाहेर पडलं याचे कागद नसतील तर घेऊ नका, विक्रेता कितीही गोड बोलला तरी.

कुस्कोला गेलात तर सान ब्लास वस्तीत आजचे चित्रकार त्याच पद्धतीनं नवी चित्रं करतात. सोन्याची नक्षी, पक्षी, बंदूकवाले देवदूत, सगळं मिळतं. काहींना मुद्दाम भेगा पाडून जुनं केलेलं असतं. तेही घ्या, पण नवं म्हणून आणि नव्याच्या भावात. चित्रकाराकडून पावती घ्या आणि ही वस्तू राष्ट्रीय वारशातली नाही असं प्रमाणपत्र संस्कृती मंत्रालयाकडून करून घ्या, नाहीतर विमानतळावर गुंडाळी उघडून दाखवत बसावं लागतं. कॅनव्हस गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर वर्ख दबून सुटतो.